कोर्टाचं गाव

अलाबामा राज्याच्या दक्षिण भागात, पाइनच्या रानांच्या आणि जुन्या कापूसपट्ट्याच्या मधोमध, मन्‍रोव्हिल नावाचं गाव आहे. वस्ती सहा हजारांच्या आसपास. आपल्याकडच्या मोठ्या खेड्याएवढंच. गावाजवळून मोठी नदी वाहत नाही, राज्याराज्यांना जोडणारा रुंद महामार्गही कितीतरी मैल लांबून जातो. १९९७ साली अलाबामाच्या विधिमंडळानं ठराव करून या गावाला आणि भोवतालच्या मन्‍रो काउंटीला राज्याची 'साहित्यिक राजधानी' म्हणून जाहीर केलं. 'टु किल अ मॉकिंगबर्ड' लिहिणारी हार्पर ली इथली. 'इन कोल्ड ब्लड' लिहिणारा ट्रुमन कपोटी लहानपणी तिच्या शेजारच्याच घरात वाढला. पुढच्या पिढीत सिंथिया टकर ही पुलित्झर मिळवणारी पत्रकार इथे जन्मली आणि मार्क चिल्ड्रेस हा कादंबरीकारही.

एखाद्या गावाच्या पाण्यातच काही असतं, असं म्हणून आपण अशा वेळी विषय सोडून देतो. मला मात्र मन्‍रोव्हिलबद्दल जितकं वाचावं तितकं वाटत गेलं, की याचं कारण गावाच्या चौकात उभं आहे. लाल विटांची, वर पांढरा घुमट आणि घुमटात घड्याळ असलेली ती इमारत म्हणजे काउंटीचं जुनं कोर्ट.

अमेरिकेत राज्याचे भाग पाडतात त्यांना काउंटी म्हणतात. अलाबामात अशा ६७ काउंट्या आहेत. मन्‍रो काउंटीचा पसारा सुमारे २,७०० चौरस किलोमीटर, पण आजही तिथे राहतात जेमतेम वीस हजार माणसं. म्हणजे पसारा आपल्या दोन-तीन तालुक्यांचा आणि माणसं एखाद्या बाजारगावाची. काउंटीचा कारभार सहसा एका ठरावीक गावातून चालतो. कोर्ट तिथे, शेरीफ तिथे, तुरुंग तिथे. जमिनीचे दस्त, मृत्युपत्रं आणि लग्नाचे परवानेही तिथल्याच दप्तरात. आपण 'तालुक्याचं गाव' म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर येते ती कचेरी, आवारातलं झाड, झाडाखाली कागद सांभाळत बसलेली माणसं आणि समोरच्या हॉटेलात पक्षकाराला धीर देणारा वकील. वड-पिंपळाच्या जागी ओक ठेवला की मन्‍रोव्हिलचा चौक फारसा परका वाटत नाही.

पण कचेरीचा हा मान मन्‍रोव्हिलला पहिल्यापासून नव्हता. काउंटी स्थापन झाली १८१५ मध्ये, म्हणजे अलाबामा राज्य होण्याच्या चार वर्षं आधी. ही सारी भूमी मूळची क्रीक या आदिवासी लोकांची. युद्धात हरवून त्यांच्याकडून ती काढून घेतली गेली. त्या युद्धाच्या वेळी, १८१३ साली, जनरल क्लेबोर्न यानं अलाबामा नदीच्या उंच काठावर एक गढी बांधली आणि तिच्याभोवती क्लेबोर्न नावाचं गाव वसलं. कापसाच्या गासड्या इथून बोटींत चढत आणि खाली मोबीलच्या बंदराकडे जात. गावात पैसा होता, वकील होते, वर्तमानपत्र होतं. १८२५ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर आलेला फ्रेंच सेनानी लाफायेत इथे थांबला आणि त्याचा थाटामाटात सत्कार झाला.

याच क्लेबोर्नमध्ये विल्यम ट्रॅव्हिस नावाचा एक तरुण जेम्स डेलेट या नामांकित वकिलाच्या हाताखाली कायदा शिकला. वकिली सुरू केली, लग्न केलं, 'क्लेबोर्न हेरल्ड' नावाचं पत्र काढलं. पत्र चाललं नाही, कर्ज डोक्यावर आलं, आणि १८३१ मध्ये बायको-मुलाला मागे ठेवून तो टेक्ससकडे निघून गेला. पाच वर्षांनी, ६ मार्च १८३६ रोजी, अलामोच्या गढीत मेक्सिकोच्या सैन्याशी लढताना तो मारला गेला. गढीचा सेनापती तोच होता आणि वय होतं २६. टेक्ससमधली शाळकरी मुलं आज त्याला वीरपुरुष म्हणून ओळखतात.

ट्रॅव्हिस टेक्ससकडे गेला त्याच्या पुढच्याच वर्षी, १८३२ मध्ये, काउंटीची कचेरी क्लेबोर्नमधून हलवली. चारी बाजूंच्या शेतकऱ्यांना सोयीचं पडावं म्हणून काउंटीच्या मधोमध एक जागा निवडली, आणि तेच मन्‍रोव्हिल. क्लेबोर्न पुढे काही दशकं नदीच्या जोरावर तगलं. नंतर रेल्वे आली, नदीवरची वाहतूक बसली, आणि कचेरीही नसलेल्या त्या गावाला धरून ठेवणारं काहीच उरलं नाही. लाफायेतच्या स्वागताशी ज्याचं नाव जोडलं जातं ते सभागृह १८८४ साली तिथून उचलून पर्ड्यू हिल नावाच्या वस्तीत नेलं. आज क्लेबोर्नच्या जागी डेलेटचं घर आहे, कबरी आहेत आणि रान आहे. नदीकाठचं श्रीमंत गाव रानात गेलं आणि बाजूचं कोरडं गाव जगलं. माझ्या मते मन्‍रोव्हिलच्या सगळ्या पुढच्या गोष्टीचा पाया इथे आहे.

घुमटाचं कोर्ट बांधलं गेलं १९०३-०४ मध्ये. अँड्र्यू ब्रायन या वास्तुतज्ज्ञानं दक्षिणेकडच्या राज्यांत अशी अनेक कोर्टं बांधली, त्यांतलंच हे एक. आत खटल्याचं दालन प्रशस्त, छताला नक्षीदार पत्रा, आणि वरच्या बाजूला नालेसारखा वळलेला सज्जा. गोरी माणसं खाली बसत. काळ्यांनी जिना चढून सज्जात बसायचं, अशी रीत होती.

अशा गावांत कोर्टाचं सत्र म्हणजे जत्राच. न्यायाधीश एका गावाहून दुसऱ्या गावी फिरत येई. साक्षीदार, ज्युरीचे लोक, दोन्हीकडचे नातेवाईक आणि नुसते बघे असे सगळे काउंटीभरातून वाहनं जोडून येत. करमणुकीचं दुसरं साधन नव्हतं. बांधाचं भांडण, हाणामारी, भावाभावांतली वाटणी, खून, सगळं भर दालनात, माणसांच्या तोंडच्या बोलीत उलगडत जाई. जे मूल सज्जाच्या कठड्यावर हनुवटी टेकून हे ऐकत बसेल, त्याला माणूस खोटं बोलताना कुठे अडखळतो हे दहाव्या वर्षीच कळणार. ज्या गावात कोर्ट नाही तिथेही भांडणं होतातच, पण ती परसातच जिरतात. इथे ती शपथेवर सांगावी लागतात, क्रमानं सांगावी लागतात, आणि ती ऐकून बारा माणसांना काहीतरी ठरवावं लागतं. गोष्ट सांगण्याची याहून चांगली शाळा मला सुचत नाही.

या शाळेत हार्पर लीला नेणारा बाप होता अमासा कोलमन ली. सगळे त्याला ए. सी. म्हणत. तो वकील म्हणून या गावात आला नव्हता. एका छोट्या रेल्वे कंपनीचे हिशेब सांभाळायला १९१२ च्या सुमारास आला, घरी अभ्यास करून १९१५ मध्ये वकिलीची परीक्षा पास झाला आणि चौकातल्या फर्ममध्ये भागीदार झाला. १९१९ मध्ये त्याच्याकडे एक फौजदारी काम आलं. गोऱ्या दुकानदाराच्या खुनाच्या आरोपावरून दोन काळ्या माणसांवर, बाप आणि मुलावर, खटला उभा होता. ली त्यांच्या बाजूनं उभा राहिला आणि हरला. दोघांना फाशी झाली. त्यानंतर त्यानं फौजदारी काम पुन्हा घेतलं नाही, असं त्याच्या मुलीचे चरित्रकार सांगतात. पुढे तो बारा वर्षं विधिमंडळात होता, आणि १९२९ पासून १९४७ पर्यंत 'मन्‍रो जर्नल' हे गावचं साप्ताहिक त्याच्या हातात होतं. म्हणजे दिवसा कोर्टात जे घडे ते आठवड्याअखेरीस छापून काढणाराही तोच.

वाचकांनी ए. सी. लीला मुलीच्या कादंबरीतल्या वकिलाच्या, म्हणजे अ‍ॅटिकस फिंचच्या जागी बसवून टाकलं आहे. मुलीनंही तो धागा नाकारला नाही. पण खरा माणूस अधिक गुंतागुंतीचा होता. सचोटीचा, मृदू बोलणारा, गावाचा आधार असलेला हा वकील वर्णभेदाची व्यवस्था मात्र आपल्या पिढीतल्या बहुतेक गोऱ्या पुढाऱ्यांसारखीच योग्य मानत होता. बदल झाला तो अगदी उतारवयात. हे कळल्यावर मला अ‍ॅटिकस लहान झाल्यासारखा वाटला नाही. उलट बापाच्या चांगुलपणातून मुलीनं जो माणूस घडवला, तो बापाच्याही पुढे कसा गेला हे कळलं.

नेल हार्पर ली जन्मली २८ एप्रिल १९२६ रोजी. नेल हे आजीचं एलेन नाव उलट्या अक्षरांनी लिहून तयार केलेलं. चार भावंडांत ती शेंडेफळ. घर चौकापासून चालत जाण्याच्या अंतरावर, साउथ अलाबामा अ‍ॅव्हेन्यूवर. शेजारी फॉक कुटुंबाचं घर, मधे दगडी कुंपण. फॉकांच्या घरात तीन बहिणी आणि एक भाऊ, सगळे अविवाहित आणि सगळे उतरत्या वयाचे. जेनी फॉकचं चौकात टोप्यांचं आणि कपड्यांचं दुकान होतं, आणि घर तिच्या शब्दावर चाले. या बहिणींनी आपल्या पोरक्या झालेल्या चुलत बहिणीला, लिली मे हिला, लहानाचं मोठं केलं होतं. लिली मेचं लग्न टिकलं नाही. तिला शहर हवं होतं, मूल अडचणीचं होतं. तिनं मुलाला मन्‍रोव्हिलला या मावशांकडे आणून सोडलं. तो मुलगा म्हणजे ट्रुमन, जन्म न्यू ऑर्लिन्स, ३० सप्टेंबर १९२४.

पांढुरक्या केसांचा, चिरक्या आवाजाचा, शहरी कपडे घातलेला हा मुलगा गावातल्या पोरांना मार द्यायला अगदी सोपा सापडे. त्याच्या बाजूनं मारामारी करायला शेजारची नेल असे. ती त्याच्याहून दीड वर्षानं लहान, पण अंगानं भक्कम, पायांत चपला नाहीत, आणि भीड तर नाहीच. दोघांना वाचता लवकर आलं होतं, दोघांना आईची माया कमी मिळाली होती. नेलची आई सतत आजारी असे. ए. सी. लीनं त्यांना एक जुना टाइपरायटर दिला, आणि एकानं सांगायचं, दुसऱ्यानं टाइप करायचं, असा खेळ सुरू झाला. रस्त्यावरच पलीकडे एक बंद घर होतं, जिथल्या मुलाला बापानं वर्षानुवर्षं बाहेर पडू दिलं नाही असं सगळे सांगत. खटला बघायचा असेल तर कोर्ट जवळच होतं. दोन लेखकांना पुढे आयुष्यभर पुरेल एवढं सामान त्या एका रस्त्यावर आणि एका चौकात होतं.

एक खटला तर नेल सात-आठ वर्षांची असतानाच गावात उभा राहिला. १९३३ च्या अखेरीस वॉल्टर लेट नावाच्या काळ्या मजुरावर एका गोऱ्या बाईनं बलात्काराचा आरोप केला. मार्च १९३४ मध्ये घुमटाच्या कोर्टात खटला चालला आणि देहदंडाची शिक्षा झाली. गावातल्याच काही प्रतिष्ठित गोऱ्यांना निकालाबद्दल शंका वाटली, त्यांनी गव्हर्नरला पत्रं लिहिली आणि शिक्षा जन्मठेपेवर आली. पण मृत्यूची वाट बघत कोठडीत काढलेल्या दिवसांनी लेटचं मन कोलमडलं होतं. १९३७ मध्ये तो क्षयानं गेला. 'मन्‍रो जर्नल'मध्ये या खटल्याच्या बातम्या येत होत्या आणि संपादकाच्या मुलीला वाचता येत होतं.

ट्रुमन गावात सलग राहिला तो थोडीच वर्षं. आईनं न्यू यॉर्कमध्ये कपोटी आडनावाच्या क्यूबन गृहस्थाशी लग्न केलं आणि १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला मुलाला तिकडे नेलं. नवं आडनाव तिथलं. तरी सुट्ट्यांत तो मन्‍रोव्हिलला येत राहिला. त्याच्या मनात तिथली एकच व्यक्ती पक्की बसली होती. ती म्हणजे सूक, मावशांपैकी सगळ्यांत भोळी. गावाबाहेरचं जग तिनं फारसं पाहिलं नव्हतं. नाताळ जवळ आला की ती आणि ट्रुमन मिळून पिकान वेचत, पै-पैसा जमवत आणि ओळखीच्या-बिनओळखीच्या माणसांसाठी फ्रूटकेक भाजत. १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेली 'अ ख्रिसमस मेमरी' ही त्याची कथा म्हणजे सूक मावशीचं ऋणच. कपोटीची चमकदार, धारदार पुस्तकं पुष्कळ आहेत, पण त्याचं हृदय मला या छोट्या कथेतच दिसतं.

नेलनं १९४७ पासून अलाबामा विद्यापीठात कायद्याचा अभ्यास केला. बापाची इच्छा होती की थोरल्या मुलीसारखी धाकटीही फर्ममध्ये यावी. पदवीला एक सत्र उरलं असताना १९४९ मध्ये तिनं शिक्षण सोडलं आणि न्यू यॉर्क गाठलं. विमान कंपन्यांच्या आरक्षण खिडकीवर बसून पोट भरायचं आणि रात्री लिहायचं. १९५१ च्या उन्हाळ्यात आई गेली आणि सहा आठवड्यांत एकुलता एक भाऊही. १९५६ च्या नाताळात मायकेल आणि जॉय ब्राउन या मित्र-दांपत्यानं तिला वर्षभराच्या पगाराइतकी रक्कम भेट दिली, नोकरी सोडून लिहिण्यासाठी. लिपिनकॉट या प्रकाशनसंस्थेनं हस्तलिखित घेतलं, पण टे होहॉफ या संपादिकेनं ते जवळजवळ दोन-अडीच वर्षं पुन्हा पुन्हा लिहून घेतलं. पहिल्या खर्ड्यात नायिका मोठी होती, न्यू यॉर्कहून गावी येणारी. छापलेल्या पुस्तकात ती सहा ते नऊ वर्षांची झाली आणि गोष्ट कोर्टाच्या सज्जात जाऊन बसली. ११ जुलै १९६० रोजी पुस्तक आलं. पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं. आजवर ते चाळीसहून अधिक भाषांत गेलं आहे.

पुस्तक कपोटीनंच लिहून दिलं, ही अफवा अनेक वर्षं फिरत राहिली. ती खोटी पाडणारा कागदही मन्‍रोव्हिलमध्येच आहे. १९५९ च्या जुलैत कपोटीनं गावातल्या आपल्या मावशीला पत्र लिहिलं. नेलच्या पुस्तकाचा बराच भाग आपण वाचला, तो आवडला, तिच्यात खरी प्रतिभा आहे, असा त्याचा आशय. स्वतः काही लिहिल्याचा एक शब्द नाही. आणि कपोटी स्वतःचं श्रेय सोडणाऱ्यांतला नव्हता, हे त्याला ओळखणारे सगळेच सांगतात.

हस्तलिखित प्रकाशकाच्या हवाली करून नेल मोकळी झाली होती, तेवढ्यात कपोटीनं तिला कॅन्ससला चल म्हटलं. नोव्हेंबर १९५९ मध्ये होलकोम्ब या खेड्यातलं क्लटर शेतकरी कुटुंब, चौघं जण, एका रात्रीत मारलं गेलं होतं. तपास आणि पुढे खटला चालणार होता जवळच्या गार्डन सिटीत, फिनी काउंटीच्या कचेरीच्या गावात. डिसेंबरच्या थंडीत दोघं तिथे उतरले. कपोटीच्या आवाजानं, वागण्यानं आणि गळ्यातल्या लांबलचक मफलरनं गावकरी गोंधळले. दारं उघडली ती नेलमुळे. ती स्वयंपाकघरात जाऊन बसे, मुलांची विचारपूस करी, शांतपणे ऐके. गार्डन सिटी हे तिच्यासाठी परकं गाव नव्हतंच. शेरीफशी कसं बोलायचं, वकिलाच्या बायकोनं जेवायला बोलावलं की काय बोलायचं नाही, हे तिला मन्‍रोव्हिलनं शिकवलं होतं. ६ जानेवारी १९६० च्या संध्याकाळी आरोपींना फिनी काउंटीच्या कोर्टासमोर आणलं, तेव्हा गोठवणाऱ्या हवेत जमलेल्या गर्दीत ही दोघंही होती. एका कोर्टाच्या चौकात खेळलेली दोन मुलं, दीड हजार किलोमीटरवरच्या दुसऱ्या कोर्टाच्या चौकात. नेलनं सुमारे दीडशे पानांची टिपणं कपोटीला करून दिली. १९६६ मध्ये 'इन कोल्ड ब्लड' आलं तेव्हा अर्पणपत्रिकेत तिचं नाव होतं, पण कामातल्या वाट्याची नोंद नव्हती. ते तिला लागलं. लहानपणची ती मैत्री हळूहळू विझत गेली. कपोटी २५ ऑगस्ट १९८४ रोजी लॉस एंजलिसमध्ये गेला.

या सगळ्या प्रसिद्धीच्या गर्दीत एका माणसाकडे लक्ष जात नाही, आणि मला तिच्याबद्दल सगळ्यांत जास्त आदर आहे. थोरली बहीण अ‍ॅलिस ली. जन्म १९११. वकिलीची सनद १९४३. बापाच्याच फर्ममध्ये बसून तिनं मन्‍रोव्हिलच्या लोकांची मृत्युपत्रं, खरेदीखतं आणि कराचे कागद केले, आणि वयाची शंभरी गाठेपर्यंत ती कामावर जात होती. धाकट्या बहिणीचे सगळे करार आणि पैसे तिनं सांभाळले, दारात येणाऱ्या बातमीदारांना तिनंच थोपवलं. मेथडिस्ट चर्चच्या परिषदेत वर्णभेदाविरुद्ध ती उघड उभी राहिली, तेही ज्या काळात त्याची किंमत मोजावी लागे. एक गोष्ट वाचून मी थबकलो. अलाबामात स्त्रियांना ज्युरीत बसायची परवानगी १९६६ पर्यंत नव्हती. म्हणजे वीसेक वर्षं वकिली केलेली ही बाई ज्या कोर्टात उभी राहून बोलू शके, त्याच कोर्टातल्या बारा खुर्च्यांपैकी एकीवर बसू शकत नव्हती. २०१४ मध्ये, १०३ व्या वर्षी ती गेली.

सिंथिया टकरला हे गाव सज्जाच्या बाजूनं दिसलं. जन्म १९५५. वडील शाळेचे मुख्याध्यापक, आई इंग्रजीची शिक्षिका, आणि शाळा काळ्या मुलांसाठी वेगळी. 'मॉकिंगबर्ड' जगभर वाचलं जात होतं त्या वर्षांत त्याच गावातली ही मुलगी वर्णभेदी शाळेत जात होती. पुढे अटलांटाच्या मोठ्या दैनिकाच्या संपादकीय पानाची ती प्रमुख झाली आणि २००७ मध्ये स्तंभलेखनासाठी तिला पुलित्झर मिळालं. सहा हजारांच्या गावाला दोन पुलित्झर, दोन्ही बायकांना. चिल्ड्रेसचा जन्म १९५७ चा. त्याच्या 'क्रेझी इन अलाबामा' या कादंबरीतही दक्षिणेतलं छोटं गाव आणि नागरी हक्कांचा लढा आहेच.

आता ज्या माणसाबद्दल सांगायचं आहे त्याचं नाव गावच्या मानकऱ्यांच्या यादीत सहसा घालत नाहीत. मला ते घातल्याशिवाय पुढे जाता येत नाही. वॉल्टर मॅकमिलियन, जन्म १९४१, मन्‍रोव्हिलजवळच्या वस्तीतला काळा माणूस. कागदगिरण्यांना लाकूड तोडून पुरवण्याचा त्याचा स्वतःचा धंदा होता. नोव्हेंबर १९८६ मध्ये गावातल्या दुकानात काम करणाऱ्या एका तरुण गोऱ्या मुलीचा खून झाला. महिने गेले, गुन्हेगार सापडेना. जून १९८७ मध्ये शेरीफनं मॅकमिलियनला धरलं. एका गोऱ्या बाईशी त्याचे संबंध असल्याचं गावभर झालं होतं, एवढं पुरलं. खुनाच्या वेळी तो घरी होता, अंगणात मासे तळून विकण्याचा कार्यक्रम चालू होता आणि त्याला तिथे पाहणारी पुष्कळ माणसं होती. सगळी काळी होती, म्हणून कुणी विश्वास ठेवला नाही.

खटला उभा राहण्याआधीच त्याला देहदंडाच्या कैद्यांच्या कोठडीत ठेवलं. खटला मन्‍रोतून हलवून शेजारच्या बाल्डविन काउंटीत नेला, जिथे काळ्यांची वस्ती कितीतरी कमी होती. ऑगस्ट १९८८ मध्ये दीड दिवसात सुनावणी उरकली. ज्युरीनं दोषी ठरवलं, पण शिफारस जन्मठेपेची केली. न्यायाधीशानं ती बाजूला सारून देहदंड दिला. तसा अधिकार अलाबामात न्यायाधीशाला होता, आणि तो रद्द व्हायला २०१७ साल उजाडलं. ब्रायन स्टीव्हन्सन या तरुण काळ्या वकिलानं प्रकरण हाती घेतलं. मुख्य साक्षीदारानं आपण दबावाखाली खोटं बोललो असं सांगितलं, आणि दडवून ठेवलेल्या ध्वनिफिती बाहेर आल्या. २ मार्च १९९३ रोजी मॅकमिलियन सुटला. सहा वर्षं गेली होती. स्टीव्हन्सनच्या 'जस्ट मर्सी' या २०१४ च्या पुस्तकात ही सगळी हकीकत आहे. ते पाहायला मॅकमिलियन उरला नव्हता. आदल्या वर्षीच तो गेला.

घुमटाच्या कोर्टात मात्र तेव्हा खटले चालत नव्हते. १९६१ च्या सुमारास 'मॉकिंगबर्ड'वरच्या चित्रपटाचे कलादिग्दर्शक हेन्री बमस्टेड येऊन त्या दालनाची मापं आणि छायाचित्रं घेऊन गेले होते आणि हॉलिवूडमध्ये त्याची हुबेहूब प्रतिकृती उभारली होती. जानेवारी १९६२ मध्ये अ‍ॅटिकसची भूमिका करणारा ग्रेगरी पेक गावात येऊन ए. सी. लीला भेटला. म्हातारा एप्रिलमध्ये गेला, चित्रपट त्याला दिसला नाही. नेलनं बापाचं खिशातलं घड्याळ पेकला दिलं, आणि ऑस्कर स्वीकारायला तो गेला तेव्हा ते त्याच्याजवळ होतं. चित्रपट डिसेंबर १९६२ मध्ये आला, आणि १९६३ मध्ये काउंटीनं शेजारी नवी इमारत बांधून कोर्ट तिकडे हलवलं. जुनी वास्तू आज संग्रहालय आहे. लींचं घर कधीच पाडलं गेलं, त्या जागी आइस्क्रीम आणि बर्गर विकणारी एक टपरी आहे. फॉकांच्या घराचं दगडी कुंपण मात्र टिकलं.

गावाचं हे प्रेम नेलला नेहमीच सुखाचं वाटलं असं नाही. कादंबरीतल्या स्वयंपाकिणीच्या नावानं संग्रहालयानं पाककृतींचं पुस्तक काढलं, ते तिनं मागे घ्यायला लावलं. २०१३ मध्ये तर कादंबरीचं नाव वापरून वस्तू विकण्यावरून तिनं संग्रहालयावर दावा लावला, तो पुढच्या वर्षी तडजोडीनं मिटला. पण शेवटची वर्षं ती तिथेच राहिली. १९ फेब्रुवारी २०१६ रोजी गेली, आणि हिलक्रेस्ट दफनभूमीत आईवडील आणि अ‍ॅलिस यांच्या शेजारी तिची जागा आहे.

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून दर वसंतात गावकरी मंडळी 'मॉकिंगबर्ड'चं नाट्यरूप करतात. कुणी शिक्षक, कुणी दुकानदार, कुणी सरकारी नोकर. पहिला अंक कोर्टाच्या आवारात, झाडांखाली. काळोख पडत आला की मध्यंतर होतं आणि प्रेक्षकांतून बारा जणांची नावं पुकारतात. १९३०च्या दशकातली ज्युरी गोऱ्या पुरुषांची असे, म्हणून निवडतातही गोरे पुरुषच. ही प्रथा सुरू झाली तेव्हा मॅकमिलियन अजून देहदंडाच्या कोठडीत होता. मग सगळे जिना चढून घुमटाखालच्या दालनात जातात. बारा जण ज्युरीच्या खुर्च्यांवर बसतात. कुणी दुसऱ्या राज्यातून आलेला, कुणी सुट्टीवरचा, कुणी मुलाचा हात सोडून आलेला. कादंबरीतल्या काळ्या आरोपीचा, टॉम रॉबिन्सनचा, खटला सुरू होतो, साक्षी होतात, अ‍ॅटिकस त्या बारा जणांकडे बघत शेवटचं भाषण करतो. निकाल काय द्यायचा हे त्यांना माहीत असतं. उन्हाळ्याकडे झुकलेली हवा, खिडक्या उघड्या, दालनात चिटपाखरू हलत नाही. बारा जण खाली बघतात, आणि मग निकाल वाचला जातो.